साखळी तीनदा वाजते

४ फेब्रुवारी

खुळखुळ्या,

तुला एक आजी आहे. उंची बेताची, दात वर तीन आणि खाली पाच, ऐकायला कमी येतं आणि बोलते जास्त. ओळख पटली का? नसेल पटली तर जुना फोटो काढून बघ. तुला कडेवर घेऊन जी वैतागलेली बाई उभी आहे, ती मी.

तीन महिने झाले, तुझं पत्र नाही. फोन केला होता म्हणतेस, पण फोनवर मला तू ऐकू येत नाहीस, नुसती घरघर येते. मी आपली हो-हो करत राहते. मागच्या खेपेला म्हणे तू विचारलंस, डॉक्टर काय म्हणाले, आणि मी सांगितलं, हो, दोन आणले. तेव्हा ते यंत्र राहू दे. कागदावर लिही.

हे पत्र नेहमीसारखं खालच्या मजल्यावरची सुई लिहिते आहे. शिवणकाम करून करून तिचं नाव सुईच पडलं, आणि जिभेलाही ते शोभतं. तुझी पत्रंही तीच वाचते, माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून, इतकं मोठ्यानं की जिन्यातल्या सगळ्यांना तुझी खबर माझ्याआधी कळते. म्हणून काही प्रेमाबिमाचं असेल तर लिहू नकोस, येऊन सांग. तिची आई आणि मी एकाच कारखान्यात होतो. आई गेली तेव्हा ही सहा वर्षांची. तेव्हापासून ही पोर माझ्या डोळ्यांसमोर आहे. आता पोर म्हणायची सोय नाही, केस पांढरे झाले. (मावशींचे माझ्याआधी झाले. सुई)

बघ, मी न सांगितलेलंही लिहिते. मला वाचता येत नाही याचा फायदा घेते.

तुझं काम अजून माझ्या डोक्यात शिरलेलं नाही. वरच्या मजल्यावरची बाई विचारते, नात काय करते? मी सांगते, लहानपणी डबे वाजवायची, आता त्याचाच पगार घेते. काय करतेस ते एकदा नीट लिही.

आजी


१५ फेब्रुवारी

आजी,

ओळख पटली. दातांवरून.

माझ्या कामाला फोली म्हणतात. शूटिंगच्या वेळी माइक धरतात तो बोलण्यापुरता. चालणं, बसणं, कापडाची सळसळ, भांडं ठेवल्याचा आवाज, हे सगळं नंतर आमच्या बंद खोलीत पडद्यावरचं चित्र बघत पुन्हा करायचं. पडद्यावरची बाई चालली की तिच्या पावलाला पाऊल लावून मी चालते. माझ्याकडे बुटांचे चाळीस जोड आहेत, त्यातला एकही मी बाहेर घालत नाही. जमिनीत चौकोनी खड्डे आहेत, एकात वाळू, एकात खडी, एकात लाकडी फळ्या. मग मिक्सिंगवाला (हा माणूस आहे, यंत्र नाही) माझे आवाज, संवाद आणि संगीत एकत्र कालवतो. कुणी म्हणालं की आवाज छान होते, तर समजायचं माझं काम बिघडलं. लक्षातच यायला नको.

आता जो सिनेमा आलाय, त्याबद्दल लिहावं की नाही, दोन दिवस विचार केला. सुईताई, हे वाचताना थांबावंसं वाटलं तर थांब.

सिनेमा गाद्यांच्या कारखान्याच्या आगीवर आहे. नावं बदललीत, पण तो तुमचाच कारखाना. दिग्दर्शकाकडे तेव्हाचा चौकशीचा अहवाल आहे. त्यात आहे तसंच त्यांनी घेतलंय. भराईच्या खोलीत धूर येतो, दाराजवळ बसणारी बाई घाबरते, जिन्यातून धूर आत येऊ नये म्हणून दाराला आतून कडी घालते, आणि मग ती कडी कुणालाच काढता येत नाही. अकरा जणी जातात. अहवालात हे एका कामगार बाईच्या जबाबावरून लिहिलंय.

चित्रात कडी दिसत नाही. बाईची पाठ दिसते, हात वर जातो आणि चौकटीच्या बाहेर जातो. कडी लावली हे लोकांना कळणार ते फक्त आवाजावरून, म्हणजे माझ्यावरून. सेटवर आणलेली कडी न्हाणीघराची वाटते. आजी, तू त्या दिवशी तापामुळे घरी होतीस म्हणून वाचलीस, पण ते दार रोज बघितलं असशील. कडी कशी होती? कसा आवाज करायची?

सुईताई, माफ कर.

तुमची खुळखुळा


२६ फेब्रुवारी

खुळखुळ्या,

सुई थांबली नाही. गिऱ्हाइकाची मापं वाचावीत तसं सगळं वाचलं, आणि घडी घालून विचारलं, मावशी, उत्तर आज लिहायचं की उद्या. मी म्हटलं उद्या. तो उद्या आठ दिवसांनी आला.

फोली म्हणे. मी सुईला दोनदा विचारलं, खोली का झोळी. असो. पगार मिळतो ना वेळेवर.

तुझ्या दिग्दर्शकाला एक सांग. सुईच्या आईला भित्री दाखवू नकोस. ती भराईत सगळ्यांच्या पुढे बसायची, कारण तिचा हात जलद होता. कापूस भरताना गाणं म्हणायची आणि मधेच थांबून दुसऱ्या कुणाचा तरी बेसूर दाखवायची. जे झालं ते झालं. माणूस घाबरतं. पण एकदा घाबरलेल्याला जन्मभर घाबरट म्हणतात, आणि त्याच्या पोरांनाही. या सुईला शाळेत मुली ‘कडीवाली’ म्हणायच्या. (चौथीपर्यंत. मग मी एकीचा दात पाडला. सुई)

आता तुझी कडी. साधी कडी नव्हती ती, लोखंडाची लांब पट्टी होती, माझ्या हाताएवढी. ओढली की घासत यायची, दात दुखतात तसा आवाज. मग कोयंड्यात पडायची. टण्ण नाही, ठप्प. जड गोष्ट आवाज कमी करते, हे तुला मी सांगायला नको. मग कोयंड्यात खिळा घालायचा. खिळा हरवू नये म्हणून साखळीला बांधला होता. खिळा घातला आणि हात सोडला की साखळी दारावर आपटायची, तीनदा. दोनदा पटपट, तिसऱ्यांदा हळू, जणू विसरलेलं आठवलं. मग गप्प.

असा आवाज कर, म्हणजे मी म्हणेन नात शिकली.

सुईचा डोळा दुखतोय, म्हणून थांबते.

आजी


१२ मार्च

आजी,

तुझं पत्र भिंतीवर लावलं. दिग्दर्शक म्हणाले, आजीला नोकरीला ठेवू या.

भंगारवाल्याकडे तीन दिवस घातले. पट्टी मिळाली, कोयंडा लोहाराकडून करून घेतला, साखळी जुन्या वजनकाट्याची. मग आम्ही दार बांधलं. अहवालात दाराचं वर्णन आहे. दोन बोटं जाड लाकूड, आतल्या बाजूला पत्रा, आणि कापसाची धूळ बाहेर जाऊ नये म्हणून कडेनं नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्या. हुबेहूब तसं केलं.

आता अडचण ऐक. सिनेमात कडी आतून लागते, म्हणून मी पट्टी आतून बसवली आणि लावली. पट्टी घासते, ठप्प पडते, सगळं तू म्हणतेस तसं. पण साखळी पत्र्यावर आपटली की पत्रा घंटेसारखा घुमतो. दोनदा पटपट आणि तिसऱ्यांदा हळू असं काही राहत नाही, सगळं एकात एक मिसळून जातं. दहा वेळा केलं. मग मिक्सिंगवाला म्हणाला, दार उलटं कर. पट्टी लाकडाच्या बाजूला आली, म्हणजे बाहेरच्या बाजूला, आणि मी बाहेर उभी राहून लावली. साखळी लाकडावर तीनदा वाजली. दोनदा पटपट, तिसऱ्यांदा हळू. मग गप्प. मी दाराच्या आत माइक ठेवून तेच पुन्हा ऐकलं. आत फक्त ठप्प ऐकू आलं. साखळी नमद्यानं आणि पत्र्यानं पिऊन टाकली.

म्हणजे तुझ्या पत्रातला आवाज दाराच्या एकाच बाजूला उभं राहून ऐकू येतो.

म्हणून फक्त कामाचं विचारते. माइक कुठे ठेवू, दाराच्या आत की बाहेर? मिक्सिंग २० एप्रिलला आहे. त्यानंतर काही हलवता येत नाही. घाई नको, पण विचार करून सांग.

तुझा सर्दीचा आवाज गेला का?

खुळखुळा


२० मार्च

खुळखुळ्या,

आत ठेव. यात एवढं काय विचारायचं.

म्हातारीचं डोकं, कुठल्या दाराची साखळी कुठल्या दाराला लावली कुणास ठाऊक. धान्याच्या कोठाराला होती तशी एक. बँकेच्या मागच्या फाटकाला होती. साखळ्या काय कमी आहेत जगात. तू दिग्दर्शकाच्या म्हणण्याप्रमाणे कर, त्यात तुझी नोकरी आहे.

सर्दी गेली. दात आणखी एक गेला. खालचे आता चार, म्हणजे वर-खाली मिळून सात, मोजायचे कष्ट कमी होत चाललेत. वरच्या बाईच्या सुनेला मुलगी झाली, रडते ती मलासुद्धा ऐकू येते, म्हणजे बघ. सुई तिच्यासाठी झबली शिवते आहे.

आणखी काही लिहायचं नाही.

आजी


२८ मार्च

आजी,

तू सांगितलंस तसं केलं. माइक आत, पट्टी आत. साखळी काढून टाकली.

चौदा वेळा करावं लागलं. पडद्यावर त्या बाईचा हात चौकटीबाहेर गेला की मी पट्टी ओढायची. हात तिचा, आवाज माझा. प्रत्येक वेळी ठप्प झालं की मला वाटायचं, मीच लावली. दिग्दर्शक खूश आहेत. मिक्सिंगवाला चष्मा पुसत बसला.

मी सहा वर्षं ऐकण्याचं काम करते आहे. माणसं चेहरे विसरतात, तारखा विसरतात, कुणी काय बोललं ते विसरतात आणि मग हवं तसं आठवतात. पण ज्या आवाजात त्यांचा स्वतःचा हात होता, तो ते चुकत नाहीत. पाणी भरणाऱ्या बाईला हंडा किती भरला ते न बघता कळतं. तुझी तिसरी साखळी मला त्याच जातीची वाटली. कदाचित माझी चूक असेल.

जास्त लिहीत नाही. माइक हलवायचा असेल तर २० तारखेच्या आत एका कागदावर फक्त ‘बाहेर’ असं लिहून पाठव. बाकी एक अक्षरही नको. मी काही विचारणार नाही, कधीच.

खुळखुळा


९ एप्रिल

खुळखुळ्या,

तू फार हुशारीनं लिहिलंस. एक शब्द. सुईनं तो लिहिला असता, पाकिटात घातला असता आणि झबली शिवायला गेली असती. तिला काही कळलं नसतं. दहा दिवस मी तो शब्द तोंडात घोळवला. पण त्या एका शब्दानं तुझा सिनेमा सुधारेल, हिचं काय? हिनं स्वतःच्या हातानं लिहायचं आणि हिलाच कळायचं नाही, हे मला आता जमत नाही.

सुई, मी सांगते तसं लिही. मधे थांबू नकोस. थांबलीस तर माझं धैर्य जाईल.

मी त्या दिवशी तापानं घरी नव्हते. मला ताप आलाच नव्हता. मी भराईलाही नव्हते. पहिले चार महिने होते, मग तुझा बाप झाला. अंगावरचं मूल घेऊन कापसात बसता येत नाही, म्हणून मुकादमानं मला दारावर ठेवलं. काम सोपं. बायका आत गेल्या की पट्टी लावायची, जेवायच्या सुट्टीत काढायची, पुन्हा लावायची, संध्याकाळी काढायची. बायका मधेच घरी पळतात, कापड लपवून नेतात, असं मालकाचं म्हणणं. आतल्या बाजूला कडी नव्हती. नुसती मूठ होती. अहवालात आतली कडी आहे, ती त्या दारावर कधीच नव्हती.

त्या दिवशी जेवण झालं, अकरा जणी आत गेल्या. सुईची आई शेवटी गेली. जाताना मला म्हणाली, पोराला टोपी घाल, वारा आहे. मी पट्टी ओढली, खिळा घातला आणि खाली अंगणात गेले.

सुईनं पेन खाली ठेवलं आहे.

आता उचललं.

धूर आधी मला वास म्हणून आला. मग माणसं ओरडायला लागली. मी जिन्यानं वर गेले. अर्ध्याच्या वर गेले. तिथून दार दिसत होतं. धूर होता, पण दार दिसत होतं. आतून हातानं मारत होत्या. पहिल्यांदा सगळ्या मिळून, मग वेगवेगळ्या. मी तिथे उभी राहिले. किती वेळ ते मला सांगता येत नाही. मग खाली आले.

दार तापलं होतं, मी हात लावला आणि भाजलं, असं सांगायला मला आवडलं असतं. मी दारापर्यंत गेलेच नाही. तुझा बाप खाली टोपलीत होता म्हणून मी फिरले, असं मी स्वतःला सांगत आले. त्याच्याजवळ चौकीदाराची बायको बसली होती. त्याला काही होणार नव्हतं. मी घाबरले म्हणून फिरले.

दोन दिवसांनी मुकादम आला. म्हणाला, तू दारावर होतीस हे बाहेर आलं तर फाशी तुला होईल, मालकाला नाही. तू तापानं घरी होतीस. कडी आतून होती, आणि पुढे बसणारी बाई ती लावायची. इथे अंगठा दे. मला वाचता येत नव्हतं, म्हणून मला कळलं नाही, असं म्हणता येईल. ते खोटं आहे. त्यानं मला कागद वाचून दाखवला होता, दोनदा. मला सगळं समजलं. मी अंगठा दिला.

चौकीदार आणि त्याची बायको महिन्याभरात काम सोडून गेली. मुकादम मेला. मालक मेला. तुझ्या बापाला मी हे सांगितलं नाही आणि आता सांगायला तो नाही. सुईला मी शाळेत घातलं, तिला जेवू घातलं, तिची पहिली शिवणयंत्राची सुई आणून दिली. लोक म्हणाले, काय माया आहे बाईची. तिला अक्षर यावं असं मला फार वाटायचं. का वाटायचं ते मला अजूनही सांगता येत नाही.

माइक बाहेर ठेव.

सुई, लिहिलंस तेवढं वाचून दाखव.

तिनं वाचलं. सगळं बरोबर आहे.

आजी


१३ एप्रिल

तुला,

आजींचं पत्र सोबत आहे. चार दिवस माझ्या ट्रंकेत होतं.

मी ते फाडू शकले असते. त्याऐवजी ‘आत’ एवढंच लिहून पाठवू शकले असते, त्यांना कधी कळलं नसतं. त्यांचं इतक्या वर्षांचं सगळं माझ्या हातातून गेलंय, आणि मी काय लिहिते ते त्यांना कधीच तपासता आलं नाही. हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी सांगितलं.

तुला वाटेल, मला मनातून माहीत असणार. नव्हतं. मी एक्कावन्न वर्षं मानत आले की आईनं कडी लावली. मी तिच्यावर रागावलेली होते. तिच्या फोटोकडे पाठ करून झोपायचे. ते आता कुठे ठेवू, मला कळत नाही.

दोन कामं कर. आईचा हात कडीवर दाखवू नका. आणि दारावर मारण्याचा आवाज तूच करणार असशील, तर किंचाळ्या घालू नकोस. तिचा आवाज मोठा नव्हता. गाणंसुद्धा ती हळू म्हणायची, शेजारचीलाच ऐकू येईल इतकं.

मावशींकडे मी काल गेले नाही. आज पाणी भरून ठेवून आले.

सुई


२४ एप्रिल

आजी, सुईताई,

हे पत्र दोघींना आहे. एकत्र वाचायचं की वेगळं, तुम्ही ठरवा.

मिक्सिंग झालं. चित्र बदलता येत नव्हतं, ते कापून तयार होतं. पण आवाज माझ्या हातात होता. बाईचा हात वर जातो आणि चौकटीबाहेर जातो, तिथली पट्टी मी काढली. तिथे आता माझा तळहात आहे, दारावर पडलेला. त्या एका बदलानं ती दार लावत नाही, दार बंद असल्याचं तिला तेव्हा कळतं. नटीनं काही वेगळं केलेलं नाही. तोच हात, तीच पाठ.

आणि पट्टी खूप आधी नेली. बायका जेवून परत येतात, बसतात, कापूस ओढून घेतात, अजून काहीच झालेलं नाही, तिथे. पट्टी घासते, ठप्प, खिळा, साखळी तीनदा. बाहेरून. चित्र आत आहे आणि कान बाहेर. कुणी मान वर करत नाही, कारण त्यांना रोजचंच आहे. संगीत होतं तिथे, ते मिक्सिंगवाल्यानं न विचारता शून्यावर आणलं.

किंचाळ्या नाहीत, सुईताई. अकरा जणींच्या जागी मी एकटी होते. उशी बांधलेल्या मुठीनं एक, उघड्या हातानं एक, नखांनी एक, असं वेगवेगळं करून एकावर एक ठेवलं. शेवटचे दोन हळू आहेत.

दिग्दर्शकांनी ते दोनदा पाहिलं. मग म्हणाले, अहवालात असं नाही. मी म्हटलं, अहवाल चूक आहे. ते म्हणाले, कोण म्हणतं? मी म्हटलं, जिनं लावली ती. त्यांनी कंपनीच्या वकिलाला फोन लावला.

आता कठीण भाग. कंपनीचा वकील म्हणतो, अहवालाविरुद्ध दाखवायचं तर त्या बाईचा लेखी जबाब हवा, तिच्याकडच्या वकिलासमोर दिलेला. तो १२ मेपर्यंत आला नाही तर जुना आवाज परत लागेल. जबाब एकदा दिला की तो फायलीत राहतो. कुणीही मागू शकतं. लोक येतील, विचारतील. काय होईल ते मला सांगता येत नाही, आजी. मी येऊ का विचारलं तर तू नको म्हणशील, म्हणून विचारत नाही, सांगते आहे: बोलाव, मी त्याच दिवशी निघेन.

खुळखुळा


५ मे

खुळखुळ्या,

नको येऊस. कागद गेला. तुला मिळेपर्यंत तुझ्या वकिलालाही मिळालेला असेल.

सुईनं गाडी बोलावली. मी मागे बसले, ती पुढे. वकिलाच्या कचेरीत पंखा असा फिरत होता की कागद उडू नयेत म्हणून प्रत्येक कागदावर काहीतरी ठेवलेलं, एकावर तर कुणाची चप्पल. मी सांगितलं, कारकुनानं लिहिलं. मधे मधे तो माझे शब्द बदलायचा, ‘घाबरले’चं त्यानं ‘भयभीत होऊन’ केलं. सुई म्हणाली, घाबरले असंच लिहा. मग तो वाचायला लागला तर म्हणाली, तुम्ही राहू द्या, मी वाचते. सगळं वाचलं. शेवटी विचारलं, मावशी, समजलं का? मी म्हटलं, समजलं. मग अंगठा दिला. वकील म्हणाला, आजी, या वयात कशाला. मी त्याला म्हटलं, तुमच्या फीमध्ये हा प्रश्न धरलाय का?

एक बातमीवाला येऊन गेला. त्याला मी बहिरी आहे असं सांगितलं, जे खरंच आहे. पोलिस अजून आलेले नाहीत. वरच्या मजल्यावरची बाई मी दिसले की दार ओढून घेते. जिन्यात मुलं खेळत होती, ती माझ्या दारापुढून उठून गेली. कुणी सांगितल्याशिवाय मुलं उठत नाहीत. यात कुणाचं काही चुकलेलं नाही, मला रागही येत नाही. एवढंच की दिवस लांब झालाय.

सिनेमा लागला की सुई जाणार आहे, एकटी. मला तिनं विचारलं नाही आणि मी येते म्हटलं नाही. तू मला बोलावू नकोस. त्या जिन्यावर मी एकदा उभी राहिले आहे.

तिनं मला माफ केलं का, असं तू विचारशील. मी विचारलेलं नाही, आणि तूही तिला विचारू नकोस. ती रोज येते. पाणी भरते, औषध देते, कुणाचं पत्र असेल तर वाचते. हे पत्रही तीच लिहिते आहे, खिडकीपाशी उभी राहून. खाटेवर बसत नाही. कंसात काही लिहायचं असेल तर लिही, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, काही नाही.

दात आता पाचच राहिलेत, म्हणून दुधाची बिस्किटं पाठव, चहात लगेच विरघळणारी. दोन पुडे पाठव, पण एकत्र बांधू नकोस. दुसऱ्यावर तिचं नाव आणि खालच्या मजल्याचा पत्ता घाल, म्हणजे पोस्टमन तिच्याच हातात देईल. माझ्या हातचं ती आता काही खात नाही.

आजी